घाट : उतरण्याची जागा

अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातल्या परगण्यांची यादी आहे. तीत 'योत-लोहारा' असं एक जोडनाव येतं. योत म्हणजे येवता, आजचं यवतमाळ. लोहारा म्हणजे यवतमाळच्या पश्चिमेचं, दारव्ह्याच्या रस्त्यावरचं, आता शहराला जवळजवळ चिकटलेलं लोहारा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही दोन्ही नावं एका दमात घेतली जात. त्यातलं लोहारा उलगडायला सोपं आहे. संस्कृत 'लोहकार'वरून मराठीत 'लोहार' झाला आणि लोहारांच्या वस्तीवरून महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोहारा नावाची गावं झाली. कोडं आहे ते शेजारच्या नावात. यवतमाळमधलं 'माळ' कुठलं?

पहिलं उत्तर डोळ्यांना सुचतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडचे फाटे या जिल्ह्यात पसरले आहेत, म्हणून ही डोंगरांची 'माळ', असं कुणीही सहज म्हणेल. दुसरं उत्तर पायांना सुचतं. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे, नागपूरपेक्षा चांगलं शंभर-सव्वाशे मीटर उंच. वर्धा नदीच्या खोऱ्यातून इकडे येताना चढ लागतो आणि चढून आल्यावर उघडी, मुरमाड जमीन समोर पसरते. तिला आपण 'माळ' म्हणतो. पहिली ती माळ, दुसरा तो माळ. लिंग बदललं की शब्दाचं कूळही बदलतं.

हा पुल्लिंगी माळ फार जुना आहे. 'मेघदूता'त रामगिरीवरून निघालेल्या मेघाला यक्ष वाट सांगतो. आम्रकूट पर्वताच्या आधी, नुकत्याच नांगरलेल्या एका 'माल' क्षेत्रावर चढून पुढे जा, असं त्यात आहे. मल्लिनाथाने आपल्या टीकेत या 'माला'चा अर्थ डोंगरासारखी उंच जमीन असा दिला आहे. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, हे वा. वि. मिराशींचं मत धरलं, तर हा माल विदर्भापासून फार दूरचा नाही. कालिदासाने तिथे 'चढणे' हे क्रियापद वापरलं आहे, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. माळ म्हणजे सपाट जमीन खरी, पण ती चढून गेल्यावर मिळणारी सपाटी आहे. माळरान आणि माळढोक या शब्दांत तीच उघडी, उंचावरची जमीन आहे.

तरीही गॅझेटियरकारांनी यवतमाळच्या 'माळ'साठी ही दोन्ही उत्तरं घेतली नाहीत. त्यांच्या मते हे 'महाल'चं घासून झालेलं रूप आहे. मोगली महसुलात परगण्याला महाल म्हणत. येवता हे परगण्याचं ठाणं, म्हणून येवतमहाल, आणि बोलता बोलता यवतमाळ. 'योत-लोहारा' हे नाव परगण्यांच्याच यादीत सापडत असल्याने ही व्युत्पत्ती पटते.

मात्र 'महाल'ही मुळात राजवाडा नव्हे. अरबीत तो ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ उतरणे, मुक्कामाला थांबणे. ओझ्याचं जनावर मोकळं करून माणूस जिथे थांबतो ती जागा म्हणजे महल. मराठीतही 'उतरणे' ही दोन्ही कामं करतं. पाहुणे आपल्याकडे उतरतात आणि गाडी उतारावरून उतरते. या शब्दचर्चेचं सूत्र त्या उतरण्यातच आहे. आपल्या भाषेतले डोंगराचे शब्द एकत्र मांडून पाहिले, तर उंची सांगणारे त्यांत थोडे आहेत. माणूस कुठून चढतो, कुठून उतरतो, कुठे थांबतो हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांचा म्होरक्या आहे 'घाट'.

यवतमाळ जिल्ह्यात घाट हा शब्द रोजच्या बोलण्यात तीन ठिकाणी भेटतो. बसमध्ये बसलेला माणूस वळणं सुरू झाली की म्हणतो, 'घाट लागला.' वर्तमानपत्रात बातमी असते, 'रेतीघाटांचा लिलाव'. वर्धा आणि पैनगंगेच्या पात्रातल्या, रेती काढण्यासाठी ठरवून दिलेल्या जागांना इकडे रेतीघाट म्हणतात. आणि कुणाच्या घरी मृत्यू झाला की विचारणा होते, 'घाटावर कधी नेणार?' पुण्या-मुंबईकडचा माणूस इथे थबकतो, कारण त्याच्या बोलीत घाट म्हणजे आधी डोंगर. विदर्भात मात्र घाट म्हणजे स्मशानही. नागपुरातल्या स्मशानभूमी आजही घाट म्हणूनच ओळखल्या जातात.

या तीन घाटांत समान काय आहे? तीनही ठिकाणी जमीन उतरती आहे आणि त्या उतारावरून माणूस खाली जातो. संस्कृत कोशांत 'घट्ट' हा शब्द नदीकाठच्या, पाण्यात उतरण्याच्या जागेसाठी आहे. नावाड्याला 'घट्टजीविन्' म्हटलं आहे, म्हणजे घाटावर पोट भरणारा. काशीचे घाट, पंढरपूरचा चंद्रभागेचा घाट, धोबीघाट, रेतीघाट आणि प्रेत नेण्याचा घाट हे सगळे या अर्थाचे थेट वारस. काठ आणि पाणी यांच्यात पाय ठेवण्यासाठी केलेली सोय, एवढाच त्याचा गाभा.

डोंगरात हा शब्द गेला तो उतरण्याच्या बळावर. कोकणातून देशावर जायचं असेल किंवा वऱ्हाडाच्या सखल भागातून पठारावर यायचं असेल, तर वाटेल तिथून जाता येत नाही. कडा आडवा असतो आणि त्यात एखादीच जागा चढ-उताराची असते. ती जागा म्हणजे घाट. नदीच्या काठाला जसा घाट, तसा पठाराच्या काठाला घाट. सुबक आकार या अर्थाचा 'घाट' आणि 'लग्नाचा घाट घातला' यातला 'घाट' मात्र या कुळातला नव्हे. तो 'घट्' म्हणजे घडणे या धातूकडून आला. 'घाटदार' भांड्याचा सह्याद्रीशी संबंध नाही. उच्चार एक, कुळं दोन.

सगळ्यांना एकाच जागेवरून जावं लागतं म्हटल्यावर तिथे जकातवाला येणारच. संस्कृतात एक प्रसिद्ध लौकिक न्याय आहे, 'घट्टकुटीप्रभातन्याय'. जकात चुकवावी म्हणून एक व्यापारी रात्रभर आडवाटांनी भटकला आणि उजाडलं तेव्हा जकातीच्या झोपडीसमोरच उभा होता. ती झोपडी म्हणजे घट्टकुटी, घाटावरचं घर. आता सह्याद्रीच्या नकाशावर बोट ठेवा. भंडारदऱ्याच्या पलीकडे, कोकणात उतरणाऱ्या कड्यावर घाटघर नावाचं गाव आहे. जुन्नरकडे, नाणेघाटाच्या माथ्याजवळही घाटघर आहे. घट्टकुटीपासून घाटघर झालं असं मी म्हणत नाही. दोन काळांतल्या माणसांनी एकाच प्रकारच्या जागेला एकाच प्रकारे नाव दिलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला म्हणून मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्या रांजणात जकातीची नाणी पडत, असं परंपरा सांगते, आणि घाटाच्या नावातही लोकांना ती नाणीच ऐकू येतात.

वऱ्हाडाच्या बाबतीत तर घाटाने सगळा मुलूखच वाटून दिला. जुन्या कागदांत वऱ्हाडाचे तीन भाग आहेत: मेळघाट, पाईनघाट आणि बालाघाट. उत्तरेला सातपुड्याच्या, गाविलगडाच्या डोंगरांतला तो मेळघाट, घाटांचा मेळ. मधलं पूर्णा नदीचं काळ्या मातीचं सपाट खोरं तो पाईनघाट. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवरचा उंच मुलूख तो बालाघाट. फारसीत 'पाईन' म्हणजे खालचा, 'बाला' म्हणजे वरचा. यवतमाळ, त्या वेळचा वणी जिल्हा, बालाघाटात येई. १९०५ साली वऱ्हाडाच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. लोहाऱ्याचा माणूस तेव्हाही घाटावरचाच होता आणि आजही आहे.

पाईनघाट आणि बालाघाट ही नावं कागदांतून गेली, पण त्यांमागची विभागणी बोलण्यातून गेली नाही. बुलढाणा जिल्ह्यात आजही 'घाटावरचे तालुके' आणि 'घाटाखालचे तालुके' असंच म्हणतात. चिखली, मेहकर घाटावर आणि शेगाव, मलकापूर घाटाखाली. पीकपाणी, पाऊस, निवडणुका या सगळ्यांची चर्चा याच दोन शब्दांत होते. फारसी विशेषणं गळली आणि मराठी 'वर' आणि 'खाली' त्यांच्या जागी बसले. घाट तेवढा जागचा हलला नाही.

ही विभागणी फारसीनेही पहिल्यांदा केलेली नाही. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त या एकाच गोष्टीसाठी एक सूत्र आहे. 'उप' आणि 'अधि' या उपसर्गांना एक प्रत्यय लावून दोन शब्द सिद्ध होतात: उपत्यका आणि अधित्यका. डोंगराच्या लगतची खालची जमीन उपत्यका, डोंगरावर चढलेली जमीन अधित्यका. अमरकोशाच्या शैलवर्गातही ही जोडी आहे. म्हणजे पाणिनीची उपत्यका-अधित्यका, मोगली दप्तरातले पाईनघाट-बालाघाट आणि बुलढाण्याच्या चहाच्या टपरीवरचे घाटाखाली-घाटावर हे एकाच विचाराचे तीन अवतार आहेत. माणसाने डोंगराकडे पाहिलं तेव्हा त्याला आधी कळस मोजावासा वाटला नाही. आपण वर आहोत की खाली, हे त्याला आधी ठरवावं लागलं.

सह्याद्रीत याच विभागणीतून देश आणि कोकण झाले. तिथल्या घाटावरून 'घाटी' हा शब्दही निघाला. कोकणात आणि मुंबईत वरच्या मुलखातल्या माणसासाठी तो वापरला गेला आणि पुढे हिणवण्यासाठीही. ज्या वाटेने माणसं पोटासाठी खाली उतरली, त्या वाटेचं नाव त्यांच्या कपाळी मारलं गेलं. शब्दाच्या इतिहासात हा दुखरा भाग आहे आणि तो गाळून पुढे जाता येत नाही.

मग वाटेचं नाव अख्ख्या पर्वताला कसं मिळालं? पर्वताचं आपलं नाव सह्य. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना पांडवलेणी म्हणतात, गौतमी बलश्रीचा दुसऱ्या शतकातला लेख आहे. आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ती अनेक पर्वतांचा स्वामी म्हणते आणि त्या यादीत विंध्य, मलय, महेंद्र यांच्याबरोबर सह्य आहे. पुराणांतल्या सात कुलपर्वतांतही तो आहे. पण समुद्रावरून आलेल्या परक्या माणसाला बंदरातला व्यापारी आणि तांड्यांबरोबर फिरणारा सांगत होता तो घाटच. माल कुठून आला? घाटावरून. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज लेखनात या पर्वताचा उल्लेख या शब्दाच्या त्यांनी केलेल्या रूपाने येतो. पुढे इंग्रजांनी तो उचलला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात घाटाचे तिन्ही अर्थ नोंदले आहेत: नदीवरची उतरण्याची जागा, डोंगरातली वाट आणि खुद्द पर्वतरांग. तिसरा अर्थ पहिल्या दोघांना झाकून जगभर गेला. आज शाळेच्या भूगोलात 'पश्चिम घाट' शिकवताना मुलांना हे सांगायला हवं, की या नावाचा मूळ अर्थ पश्चिमेकडच्या वाटा असा आहे.

सह्याद्री हे नावही एका जागी थांबलेलं नाही. महानुभावांच्या सात काव्यग्रंथांत चौदाव्या शतकातल्या रवळोबासांचं 'सह्याद्रिवर्णन' आहे. त्यातला सह्याद्री म्हणजे श्रीदत्तात्रेयप्रभूंचं माहूर. लोहाऱ्याहून निघालं तर यवतमाळ, आर्णी, मग धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडली की माहूर येतं. जिल्हा नांदेडचा, पण यवतमाळकरांसाठी शेजारचंच. इथल्या माणसाच्या तोंडी 'शिखर' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून आलेला नाही. तो 'दत्तशिखर' म्हणून आला आहे. रेणुकामातेचा डोंगर, दत्तशिखर आणि अनसूयेचं शिखर अशी माहूरची यात्रा होते. पायऱ्यांनी चढतात, आता घाटरस्त्याने गाड्याही वर जातात. 'शिखर' हा 'शिखा'चा नातलग, शेंडीच्या कुळातला. देवळाच्या शेंड्यालाही शिखर आणि डोंगराच्या शेंड्यालाही शिखर, म्हणून ज्या डोंगरावर देऊळ त्याला हा शब्द दुहेरी शोभतो.

शिखराजवळ जाण्याआधी डोंगराचं साधं नाव पाहायला हवं. 'डोंगर' हा संस्कृतातून आलेला नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'देशीनाममाला' रचली, ती अशाच शब्दांसाठी, ज्यांचं मूळ संस्कृतात दाखवता येत नाही आणि जे लोकांच्या तोंडी आहेत. तीत पर्वत या अर्थाने 'डुंगर' आहे. गुजरातीत तो डुंगर म्हणून आहे, राजस्थानात डुंगरपूर आहे, आपल्याकडे डोंगर. लहान उंचवट्यांसाठी आपण 'टेक', 'टेकाड', 'टेकडी' म्हणतो. विदर्भात 'बर्डी'ही म्हणतात, तीच नागपूरच्या सीताबर्डीतली, जिथे नोव्हेंबर १८१७मध्ये टेकड्यांवर लढाई झाली. गडांच्या उतारावरच्या पहारेचौकीला सह्याद्रीत 'मेट' म्हणत. शेजारी तेलुगूत उंचवट्याला 'मेट्ट' आणि तमिळात 'मेडु' म्हणतात, आणि गोंडीत डोंगराला 'मट्टा' किंवा 'मेट्टा'. यवतमाळ जिल्ह्यात गोंड आहेत, कोलाम आहेत आणि दोघांच्याही भाषा द्राविडी कुळातल्या. या उंचवट्यांना मराठी येण्यापूर्वीही हाका मारणारे कुणी होते, याची ही आठवण आहे.

डोंगर आणि घाट या दोन शब्दांत भाषेने कामाची वाटणी केली आहे. म्हण आहे, 'दुरून डोंगर साजरे'. दुरून घाट साजरे असं कुणी म्हणत नाही, कारण घाट दुरून दिसतच नाही. तो पायांना लागतो. 'घाट लागला' या वाक्यात ते लागणं आहे, भूक लागावी किंवा ठेच लागावी तसं. डोंगर पाहायचा असतो, घाट चढायचा-उतरायचा असतो. डोळ्यांचा शब्द वेगळा आणि पायांचा वेगळा.

संस्कृत शब्द याच जागी उलट्या बाजूने उभे आहेत. पर्वताला तिथे 'अचल' म्हणतात, 'नग' म्हणतात, 'अग' म्हणतात. नग आणि अग यांचा अर्थ न जाणारा. पर्वत हलत नाही, ही त्या नावांमागची दृष्टी. आणि किल्ल्याला 'दुर्ग' म्हणतात, जिथे जाणं कठीण तो. तिथे माणूस हलू शकत नाही. गाविलगडाने या शब्दाची कसोटी पाहिली. १८०३च्या डिसेंबरात इंग्रजांना दक्षिणेकडच्या उभ्या चढाने तोफा नेता येत नव्हत्या. स्टीव्हन्सनच्या फौजेने कित्येक दिवस डोंगरांतून वाट करत त्या ओढून उत्तरेकडे नेल्या आणि १५ डिसेंबरला गड पडला. दुर्गाचा 'दुर्' वाटेच्या शोधाने गळाला. गाविलगडाच्या पायथ्याच्या परतवाड्यातच १९१६ साली गो. नी. दांडेकर जन्मले, ज्यांनी पुढे मराठी वाचकाला गडांच्या वाटा दाखवल्या.

आता महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी जाऊ. कळसूबाई, १,६४६ मीटर. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आणि नाशिकच्या इगतपुरी तालुक्याच्या सीमेवर ती उभी आहे. खडक लाव्हाचा, थरावर थर बसलेला बेसॉल्ट, तोच जो यवतमाळच्या बहुतेक भागाखालीही आहे. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारी गाव लागतं आणि तिथून चढायची रुळलेली वाट निघते. शेतं, मग उतारावरचं जंगल, मग कातळ. कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. माथ्यावर बाईचं छोटं देऊळ. नवरात्रात आसपासच्या गावांची माणसं इथे दर्शनाला चढतात. दुसऱ्या बाजूने, इगतपुरी तालुक्यातल्या इंदोऱ्याकडूनही वाट आहे.

नावाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, ही तिची अट. एकदा अट मोडून तिला ती कामं करायला लावली, तेव्हा ती निघून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. ऐकणाऱ्याच्या कानात कळसू आणि कळस एकमेकांत मिसळतात. 'कलश'वरून आलेला कळस आणि सर्वांत उंच डोंगर हा जोड फार मोहक आहे. पण लोकांनी सांगितलेल्या कहाणीत कळस कुठेच नाही, उंचीही नाही. एक मुलगी आहे, तिने घातलेली अट आहे आणि तिचं चढून जाणं आहे. व्युत्पत्ती सांगणाऱ्याने या कहाणीला बाजूला सारू नये. सर्वांत उंच शिखराला नाव देताना लोकांनी उंचीऐवजी तिचा स्वाभिमान लक्षात ठेवला.

पायथ्याच्या बारीचं नाव तर आपल्या सूत्राला थेट पुष्टी देतं. 'बारी' म्हणजे डोंगरातली अरुंद खिंड. कोकणात बारी म्हणजे खिडकी, गुजरातीतही खिडकीच. मूळ संस्कृत 'द्वार', प्राकृतात 'बार', आणि लहानसं दार ती बारी. बागलाणात मांगीतुंगीच्या परिसरातल्या सेलबारी आणि डोलबारी या डोंगररांगांची नावंही याच शब्दाने संपतात. तिथे रांगेलाच बारी म्हणतात, जसं सह्याद्रीला घाट. दाराचं नाव पुन्हा एकदा भिंतीला मिळालं.

सह्याद्रीतल्या वाटांचे शब्द इथून पुढे फार बारीक होत जातात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूने बेलपाड्याहून चढणारी 'नळीची वाट' आहे. पाण्याने कोरलेल्या अरुंद घळीतून ती जाते. तिची मोठी बहीण 'नाळ', बोराट्याची नाळ किंवा शिंगणापूरची नाळ. उभ्या कातळाला शिडी लावून केलेली वाट ती 'निसणीची वाट'. निसण म्हणजे शिडी, संस्कृत 'निःश्रेणी'ची लेक, उत्तरेत जिला नसेनी म्हणतात. भीमाशंकरला जाणारा 'शिडी घाट' त्याच अर्थाचा, सोप्या मराठीतला. डोंगराचा खाली उतरत आलेला लांब फाटा ती 'सोंड' आणि दोन्हीकडे दरी असलेला अरुंद माथा ती 'धार'. सुळाचा 'सुळका' आणि 'कट'चा 'कडा' या दोघांवर मात्र साधी वाट नसते. या यादीतला प्रत्येक शब्द चढणाऱ्याला सावध करतो. नळी म्हटलं की पावसाळ्यात पाणी आणि वरून येणारे दगड. निसण म्हटलं की दोन्ही हात मोकळे हवेत. सोंड म्हटलं की चढ लांब, पण धोका कमी. धार म्हटलं की वारा. ज्याने हे शब्द केले तो त्या वाटेने ओझं घेऊन गेलेला होता.

आता या वाटांवर 'ट्रेक' आला आहे. शनिवारी रात्री निघणारी मुलं ट्रेकला जातात, गिर्यारोहणाला नाही. गिर्यारोहण हा घडवलेला शब्द दोर, खिळे आणि हिमालय यांच्याकडे राहिला. ट्रेकची कहाणीही मजेशीर आहे. डच भाषेत त्याचं मूळ क्रियापद म्हणजे ओढणे. दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे शेतकरी १८३०च्या दशकात बैलगाड्या ओढत उत्तरेकडे गेले, त्या स्थलांतराला हे नाव होतं. तिथून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे. त्यालाही आपण घरात घेतलं, याचं मला वावडं नाही. त्याच्याही पोटात बैल आहेत, ओझं आहे आणि लांबची वाट आहे, म्हणजे तो आपल्या घाटाचा परका भाऊच. माझी काळजी वेगळी आहे. ट्रेक हा एकच शब्द सगळ्या वाटांना पुरतो आणि म्हणून नळी, निसण, बारी, सोंड यांची गरज वाटेनाशी होते. वाटेचं नाव विसरलं की वाटेने दिलेली सूचनाही विसरते आणि डोंगरात त्याची किंमत मोजावी लागते.

सह्याद्रीतले शब्द निदान गिरिभ्रमण करणाऱ्यांनी लिहून ठेवले आहेत. यवतमाळच्या डोंगरांना ते भाग्य लाभलेलं नाही, कारण इथे ख्यातीचा सुळका नाही आणि ज्याला सुळका नाही तो डोंगर लिहिणाऱ्याला दिसत नाही. पण इथल्या टेकड्यांवर कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. गुरं कुठून उतरतात, उन्हाळ्यात कुठल्या नाल्यात पाणी राहतं, कुठल्या चढाने बैलगाडी जाते आणि कुठल्या चढाने फक्त माणूस, हे त्यांच्या प्रत्येक वाटेच्या नावात असणार. रस्ते रुंद होत आहेत, घाटांची वळणं सरळ होत आहेत. त्याचा आनंद मानायला हवा, कारण आजारी माणूस त्याच रस्त्याने दवाखान्यात लवकर पोहोचतो. पण ज्या दिवशी वळण सरळ होतं, त्या दिवशी वळणाचं नाव बोलण्यातून उठतं.

म्हणून लोहाऱ्यातल्या, यवतमाळमधल्या, माहूरच्या वाटेवरच्या शाळांना माझं मनापासून सांगणं आहे. मुलांना आपल्या गावाभोवतीच्या प्रत्येक चढ-उताराचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून विचारून आणू द्या. नाव मराठीत असो, कोलामीत, गोंडीत की गोरबोलीत. ते कुठून कुठे जातं, कुठल्या ऋतूत चालतं आणि कोण ते वापरतं, हेही त्यासोबत लिहू द्या. डोंगराची उंची आता उपग्रह सांगतो आणि अचूक सांगतो. कोणत्या उतारावरून पाय सुखरूप खाली येतो हे अजूनही गावालाच विचारावं लागतं, आणि गाव ते ज्या शब्दात सांगेल तो शब्द तसाच्या तसा टिपून घेणं हे आपलं काम आहे.